सेकंड बेसला न लागलेला पाय : २३ सप्टेंबर १९०८ चा बेसबॉल सामना

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय आहे एक बेसबॉलचा सामना. तारीख २३ सप्टेंबर १९०८, ठिकाण न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स, संघ न्यूयॉर्क जायंट्स आणि शिकागो कब्ज. निकाल काय? १-१, बरोबरी. आता तुम्ही म्हणाल, सव्वाशे वर्षांपूर्वी बरोबरीत सुटलेल्या सामन्यावर एवढा वेळ काय बोलायचं?

गंमत अशी की त्या दिवशी मैदानावर जे हजारो प्रेक्षक होते, त्यांनी ही बरोबरी पाहिलीच नव्हती. त्यांनी जायंट्सचा २-१ असा विजय पाहिला, जल्लोष केला, मैदानात उतरले आणि घरी जायला निघाले. सामना बरोबरीत आहे हे त्यातल्या बहुतेकांना नंतर कळलं. एका एकोणीस वर्षांच्या पोराचा पाय एका बेसला लागला नव्हता, एवढंच कारण. त्यावरून त्या वर्षीचं विजेतेपद फिरलं आणि त्या पोराला आयुष्यभराचं टोपणनाव चिकटलं.

आपल्याला आज तपासायचंय ते हे, की चूक नेमकी कोणाची होती? पायाची, नियमाची, पंचांची, की सगळ्यांना लागलेल्या एका सवयीची?

आधी खेळ समजून घेऊ

आपल्यापैकी बरेच जण क्रिकेटवर वाढलेले, तेव्हा बेसबॉलचं जेवढं लागेल तेवढंच सांगतो.

मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणं असतात. होम, पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे साधारण सत्तावीस मीटर. बॅटर होमपाशी उभा राहून चेंडू मारतो आणि पहिल्या बेसकडे पळतो. पुढच्या बॅटरच्या फटक्यावर तो दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, असं करत पुन्हा होमला पोचला की एक धाव. तीन जण बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. अशा दोन्ही संघांच्या नऊ-नऊ पाळ्या. यजमान संघ नंतर खेळतो. त्यामुळे नवव्या पाळीच्या उत्तरार्धात यजमानांनी आघाडीची धाव काढली की सामना तिथेच संपतो.

आता कळीचा मुद्दा. धावणाऱ्याला बाद करायचं असेल, तर एरवी चेंडू हातात घेऊन त्याला स्पर्श करावा लागतो. पण एक परिस्थिती अशी आहे की त्याला हात लावायचीही गरज नसते. समजा, पहिल्या बेसवर कोणीतरी उभा आहे आणि बॅटरने चेंडू मारला. बॅटरला पहिल्या बेसवर जावंच लागतं. एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. म्हणजे आधीच्याला जागा सोडून दुसऱ्याकडे पळावंच लागणार. घरी पाहुणे आले की बाहेरच्या खोलीतल्याने उठून आतल्या खोलीत जायचं, तसं. ही सक्तीची चाल. अशा वेळी तो दुसऱ्या बेसवर पोचायच्या आत क्षेत्ररक्षकाने चेंडू हातात घेऊन त्या बेसवर नुसता पाय ठेवला, तरी धावणारा बाद. याला 'फोर्स आउट' म्हणतात.

आणि आता नियमाचं ते कलम, ज्यावर सगळं महाभारत घडलं. डावातला तिसरा गडी जर असा फोर्स आउट झाला, तर त्या फटक्यावर निघालेली धाव धरली जात नाही. तिसऱ्या बेसवरचा माणूस त्याआधी होमला पोचलेला असला, तरीही नाही.

पहिल्यांदा ऐकताना हा नियम विचित्र वाटतो. पण त्यामागे साधं तर्कशास्त्र आहे. दोन गडी बाद आहेत, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं आहेत, आणि बॅटरने अगदी सरळ, सोपा, जमिनीलगतचा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात मारला असं समजा. क्षेत्ररक्षक तो उचलून दुसऱ्या बेसवर फेकतो, तिसरा गडी बाद. पण तेवढ्या दोन-तीन सेकंदांत तिसऱ्या बेसवरचा माणूस होमला पोचलेला असू शकतो. ती धाव मोजली, तर भिकार फटक्यालाही बक्षीस मिळेल. म्हणून नियम सांगतो की ज्यांना पुढे सरकणं भाग आहे, त्यांनी आधी आपापली चाल पूर्ण करा, मग धाव मागा.

क्रिकेटशी तुलना केली तर फरक चटकन लक्षात येईल. आपल्याकडे विजयाची धाव पूर्ण झाली की खेळ खलास. बेसबॉलमध्ये होमवर पाय पडल्याने खेळ संपत नाही. मागे सक्तीने पळणारा माणूस पुढच्या बेसला पोचेपर्यंत ती धाव, आपण म्हणू, उधारीवर असते.

त्या दुपारी काय झालं

१९०८ च्या नॅशनल लीगमध्ये तीन संघांची चुरस होती. न्यूयॉर्क, शिकागो आणि पिट्सबर्ग. शिकागो कब्ज म्हणजे त्या काळचा दादा संघ. १९०६ च्या हंगामात त्यांनी ११६ सामने जिंकले होते आणि १९०७ साली जगज्जेतेपद घेतलं होतं. जायंट्सचा व्यवस्थापक होता जॉन मॅग्रॉ, करारी आणि भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. त्याच्याकडे क्रिस्टी मॅथ्यूसन होता, ज्याने त्या एका हंगामात ३७ सामने जिंकून दिले.

सामन्याच्या दिवशी जायंट्सचा पहिल्या बेसवरचा नेहमीचा खेळाडू फ्रेड टेनी कंबरदुखीने बसला. त्याच्या जागी मॅग्रॉने उतरवला फ्रेड मर्कल. विस्कॉन्सिनमध्ये जन्मलेला, वय १९. त्या मोसमात पहिल्या बेसवर सुरुवातीपासून खेळायची त्याची ही पहिलीच वेळ होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्यावर तुटून पडलेल्या लोकांच्या ते फारसं लक्षात राहिलं नाही.

मॅथ्यूसन एका बाजूने, कब्जचा जॅक फीस्टर दुसऱ्या बाजूने, दोघांनीही फलंदाजांना हलू दिलं नाही. पाचव्या पाळीत कब्जच्या जो टिंकरने मैदानातल्या मैदानातच होम रन काढली. सहाव्यात माइक डॉनलिनच्या फटक्यावर जायंट्सने बरोबरी केली. १-१. तसंच नवव्या पाळीच्या उत्तरार्धापर्यंत.

आता सावकाश जाऊ. साय सीमोर बाद. आर्ट डेव्हलिन पहिल्या बेसवर पोचला. मूस मॅक्कॉर्मिकच्या फटक्यावर डेव्हलिन दुसऱ्या बेसवर बाद झाला, म्हणजे तोही फोर्स आउटच, आणि मॅक्कॉर्मिक पहिल्यावर राहिला. दोन बाद. मग आला मर्कल. त्या पोराने दडपण न घेता छान फटका मारला. मॅक्कॉर्मिक थेट तिसऱ्यावर, मर्कल पहिल्यावर. म्हणजे जिंकायची संधी निर्माण केली ती मर्कलनेच. हेही पुढे लोक विसरले.

मग अल ब्रिडवेल. पहिल्याच चेंडूवर त्याने मधल्या मैदानात सणसणीत फटका हाणला. बेसपाशी उभे असलेले पंच बॉब एम्स्ली चेंडू चुकवायला जमिनीवर पडले. मॅक्कॉर्मिक होमला पोचला. २-१. सामना संपला! लोक उड्या मारत मैदानात घुसले.

आणि मर्कल? तो दुसऱ्या बेसकडे निघाला होता. धाव झाली, लोक धावून येतायत, हे पाहून तो अर्ध्या वाटेतून वळला आणि मैदानाच्या टोकाला असलेल्या क्लबहाउसकडे पळत सुटला.

असं का केलं? कारण तेव्हा सगळेच असं करायचे. पोलो ग्राउंड्सवर सामना संपला की प्रेक्षक मैदानातूनच बाहेर पडत. खेळाडूंनी लगेच पळ काढला नाही, तर गर्दीत सापडायचे. त्यामुळे विजयी फटका बसला, माणूस होमला पोचला, की बाकीचे धावणारे बेसची फिकीर न करता थेट क्लबहाउस गाठत. पंचही तिकडे बघत नसत. नियम पुस्तकात होता, पण कोणी पाळत नव्हतं आणि कोणी पाळायलाही लावत नव्हतं. आपल्याकडे म्हणतात ना, शास्त्रात् रूढिर्बलीयसी. शास्त्रापेक्षा रूढी बलवान.

एव्हर्सचं बोट नियमावर

पण मैदानात एक माणूस होता ज्याला शास्त्र पाठ होतं. शिकागोचा दुसऱ्या बेसवरचा खेळाडू जॉनी एव्हर्स. हाडकुळा, चिडका आणि नियमपुस्तकाचा नादिष्ट.

तो दुसऱ्या बेसवर उभा राहून ओरडायला लागला, "चेंडू इकडे टाका!" मधल्या मैदानातून सॉली हॉफमनने चेंडू फेकला. इथून पुढे कोण खरं बोलतंय ते ठरवणं कठीण. जायंट्सचा जो मॅक्गिनिटी त्या वेळी तिसऱ्या बेसपाशी प्रशिक्षकाच्या जागेवर उभा होता. काहीतरी शिजतंय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मध्येच चेंडू पकडून गर्दीत भिरकावला, असं सांगतात. शिकागोवाल्यांचं म्हणणं, आम्ही तो प्रेक्षकाकडून हिसकावून परत आणला. न्यूयॉर्कवाल्यांचं म्हणणं, छे, तो कुठला तरी दुसराच चेंडू होता. काहीही असो, एव्हर्स हातात एक चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि पंचांकडे बघून म्हणाला, मर्कल बाद.

एम्स्ली म्हणाले, मी खाली पडलो होतो, मी पाहिलं नाही. मग दुसरे पंच हँक ओ’डे यांना विचारलं. ओ’डे म्हणाले, मी पाहिलं. मर्कल दुसऱ्या बेसवर गेलाच नाही.

म्हणजे तिसरा गडी फोर्स आउट. म्हणजे मॅक्कॉर्मिकची धाव रद्द. म्हणजे १-१.

तोवर मैदान माणसांनी भरलं होतं आणि अंधार पडत चालला होता. पुढची पाळी खेळवणं शक्यच नव्हतं. ओ’डे यांनी त्या रात्री लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांना लेखी कळवलं की धाव धरलेली नाही आणि सामना बरोबरीत आहे.

एकोणीस दिवस आधी

आता प्रश्न असा, की इतकी वर्षं ज्याकडे कोणी बघत नव्हतं, ते ओ’डे यांनी त्या दिवशीच का पाहिलं?

याचं उत्तर एकोणीस दिवस आधीच्या एका सामन्यात आहे. ४ सप्टेंबर १९०८, पिट्सबर्ग. तिथेही पाहुणे होते शिकागो कब्ज आणि पंच एकटेच होते, हँक ओ’डे. सामना ०-० वर दहाव्या पाळीत गेला. पिट्सबर्गचे तिन्ही बेस भरलेले, दोन बाद. विल्सनने मधल्या मैदानात फटका मारला, फ्रेड क्लार्क होमला आला, पिट्सबर्ग १-० ने जिंकलं. आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला न शिवता परत फिरला.

अगदी तोच प्रसंग! एव्हर्सने चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर पाय ठेवला आणि ओ’डे यांना गाठलं. ओ’डे म्हणाले, मी होमकडे बघत होतो, गिलचं मला माहीत नाही. धाव कायम. शिकागोने अध्यक्ष पुलियम यांच्याकडे तक्रार केली. पुलियम यांनी ती फेटाळली.

पण पंच म्हणून ओ’डे प्रामाणिक होते. एव्हर्सचं म्हणणं नियमाला धरून आहे, हे त्यांना पटलं होतं. पुढच्या वेळी असं घडलं तर नजर कुठे ठेवायची, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. आणि पुढची वेळ आली ती २३ सप्टेंबरला, मर्कलच्या रूपाने.

म्हणजे बघा, ४ सप्टेंबरला गिल निसटला आणि २३ सप्टेंबरला मर्कल अडकला. नियम तोच, संघ तोच, पंच तोच. बदललं काय? फक्त पंचांची नजर. आणि ही नजर बदलली आहे, हे खेळाडूंना कोणी परिपत्रक काढून सांगितलेलं नव्हतं. झोपलेला नियम जागा झाला, पण दवंडी न पिटता.

मर्कलच्या बाजूने हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. पण दुसरी बाजूही मांडायला हवी. पिट्सबर्गचा वाद काही गुपित नव्हता. तक्रार अध्यक्षांपर्यंत गेली होती. विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या संघाच्या व्यवस्थापकाने आपल्या पोरांना एवढं सांगायला हवं होतं, की बाबांनो, काहीही झालं तरी पुढच्या बेसला शिवल्याशिवाय वळू नका. मॅग्रॉसारखा बारकाईने खेळ बघणारा माणूस इथे कमी पडला. म्हणजे जबाबदारी वाटायचीच म्हटलं, तर मर्कलच्या वाट्याला फार तर एक हिस्सा येतो.

निकाल आणि त्याचे परिणाम

दोन्ही संघ अध्यक्षांकडे गेले. जायंट्स म्हणाले, आम्ही २-१ ने जिंकलोय. शिकागो म्हणालं, बरोबरी कसली, मैदान मोकळं ठेवणं हे यजमानांचं काम, त्यांनी ते केलं नाही, तेव्हा सामना आम्हालाच बहाल करा. पुलियम यांनी दोघांचंही ऐकलं नाही. पंचांचा निर्णय कायम, सामना बरोबरीत. अपील लीगच्या संचालक मंडळाकडे गेलं. त्यांनीही तोच निर्णय उचलून धरला आणि सांगितलं, गरज पडली तर ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळवा.

आणि गरज पडली! हंगाम संपला तेव्हा न्यूयॉर्क ९८ विजय, ५५ पराभव. शिकागो ९८ विजय, ५५ पराभव. पिट्सबर्ग ९८ विजय, ५६ पराभव. आता साधं गणित करा. २३ सप्टेंबरचा सामना जायंट्सच्या खात्यात गेला असता, तर त्यांचे ९९-५५ झाले असते आणि शिकागोचे ९८-५६. विषय संपला असता. एका पावलाची किंमत ही होती.

८ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर इतकी गर्दी लोटली की आत जागा न मिळालेले लोक शेजारच्या टेकडीवर आणि उन्नत रेल्वेच्या बांधकामावर चढून बसले. पुन्हा मॅथ्यूसन विरुद्ध फीस्टर. फीस्टर पहिल्याच पाळीत डगमगला. शिकागोचा कर्णधार-व्यवस्थापक फ्रँक चान्स याने लगेच मॉर्डेकाय ब्राउनला आणलं. लहानपणी शेतीच्या यंत्रात बोटं सापडून त्याचा उजवा हात अधू झाला होता, आणि त्याच हाताने तो असा चेंडू टाकायचा की समोरच्याला कळायचा नाही. तिसऱ्या पाळीत शिकागोने मॅथ्यूसनला चार धावा काढल्या. सामना ४-२. विजेतेपद शिकागोला. पुढे त्यांनी डेट्रॉइट टायगर्सना ४-१ असं हरवून जगज्जेतेपदही घेतलं. त्यानंतर कब्जना पुढचं जगज्जेतेपद मिळालं थेट २०१६ साली. १०८ वर्षांनी!

मर्कलचं काय झालं

वर्तमानपत्रांनी त्याला 'बोनहेड' ठरवलं. आपल्या भाषेत माठ, बिनडोक. हे नाव त्याला पुढे प्रत्येक मैदानावर ऐकावं लागलं.

पण जरा ताळेबंद मांडू. २३ सप्टेंबरनंतर जायंट्सकडे अजून दोन आठवडे होते. त्या काळात फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हलेस्की नावाच्या नवख्या पिचरने पाच दिवसांत त्यांना तीनदा हरवलं. या तीनांपैकी एक जरी सामना जायंट्सने जिंकला असता, तरी ८ ऑक्टोबर उजाडायची गरज नव्हती. ८ ऑक्टोबरला मॅथ्यूसनसारखा मातब्बर हरला. त्या सामन्यात पहिल्या बेसवर टेनी होता, मर्कल नव्हता. पण लांबलचक हंगामातले पंचावन्न पराभव लोकांच्या लक्षात राहत नाहीत. एक चेहरा लक्षात राहतो. दोष वाटून घेण्यापेक्षा एकाच्या माथी मारणं सोपं असतं.

या गोष्टीत मला मॅग्रॉचं वागणं महत्त्वाचं वाटतं. एवढा तापट माणूस, पण त्याने मर्कलला शब्दाने दुखावलं नाही. उलट त्याला संघात ठेवलं, पगार वाढवला, त्याच्या डोक्याची तारीफ केली. पुढे मर्कल जायंट्सचा पहिल्या बेसवरचा कायमचा खेळाडू झाला. एकूण सोळाशेहून अधिक सामने खेळला. 'बिनडोक' माणसाला व्यावसायिक खेळात इतकी वर्षं कोणी पोसत नाही. पाच वेळा त्याचा संघ जगज्जेतेपदाच्या मालिकेत पोचला, जायंट्सकडून १९११, १९१२ आणि १९१३, ब्रुकलिनकडून १९१६ आणि चक्क शिकागो कब्जकडून १९१८. पाचही वेळा हरला. नशीब म्हणतात ते हे.

ज्याच्या फटक्यावर हे घडलं त्या ब्रिडवेलने म्हातारपणी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की तो फटका मी मारायलाच नको होता, मी बाद झालो असतो तर मर्कलचा पुढचा छळ टळला असता. विजयी फटका मारलेल्या माणसाला असं वाटावं, यातच सगळं आलं.

मर्कल नंतर बरीच वर्षं बेसबॉलपासून दूर राहिला. १९५० साली जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमाला तो पोलो ग्राउंड्सवर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याला मनापासून टाळ्या दिल्या. १९५६ साली फ्लोरिडात तो वारला.

अध्यक्ष पुलियम यांची अखेर अधिक दुःखद. १९०९ च्या सुरुवातीला त्यांची प्रकृती ढासळली, ते रजेवर गेले आणि जुलैमध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ४०. याला हा एकच निकाल कारण झाला, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. लीगमध्ये इतर भांडणंही चालू होती, आणि माणसाच्या मनाचा असा एका ओळीत निकाल लावता येत नाही. पण प्रामाणिकपणे दिलेल्या निर्णयामुळे ते न्यूयॉर्कच्या रोषाचे धनी झाले, हे खरं.

आपल्या ओळखीचं एक उदाहरण

शेवटी क्रिकेटकडे वळतो. डिसेंबर १९४७, सिडनी. आपल्या विनू मांकडने ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं, कारण चेंडू पडायच्या आतच ब्राउन क्रीज सोडून पुढे निघाला होता. केवढा गहजब झाला! खिलाडूवृत्ती नाही, वगैरे. पण मांकडने त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात याच ब्राउनला आधी ताकीद दिली होती आणि तरी ऐकेना म्हणून बादही केलं होतं. समोरच्या संघाचे कप्तान खुद्द ब्रॅडमन, आणि त्यांनी मांकडचीच बाजू घेतली.

साम्य दिसतंय ना? इथेही नियम लिहिलेला, इथेही रूढी वेगळी, आणि इथेही आधी एक इशारावजा प्रसंग. फरक एवढाच की सिडनीत नाव चिकटलं ते बाद करणाऱ्याला आणि न्यूयॉर्कमध्ये बाद होणाऱ्याला. क्रिकेटच्या नियमकर्त्यांनी २०२२ मध्ये हा प्रकार 'अयोग्य खेळ' या कलमातून काढून सरळ 'धावबाद'मध्ये टाकला. पंचाहत्तर वर्षं लागली.

यातून घ्यायचं ते एवढंच. नियम लिहिलेला आहे पण वापरात नाही, अशी अवस्था कुठल्याही संस्थेत धोक्याची. मग ते क्रीडांगण असो, कचेरी असो की गृहनिर्माण सोसायटी. असा नियम एक दिवस अचानक लागू होतो आणि त्या दिवशी जो समोर असतो, तो भरडला जातो. नियम नको असेल तर काढून टाका. हवा असेल तर आजपासून पाळणार आहोत, असं आधी जाहीर करा. हे दोन्ही न करता कोणाला पकडलं, तर निर्णय बरोबर असूनही माणसावर अन्याय होऊ शकतो. २३ सप्टेंबर १९०८ ला ओ’डे बरोबर होते. आणि मर्कलवर अन्यायही झाला. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : एव्हर्सने केलं तो रडीचा डाव नव्हता का?

रडीचा डाव म्हणजे हरल्यावर नियम बदलायला बघणं. एव्हर्स असलेला नियम दाखवत होता, आणि ४ तारखेला उघडपणे दाखवून झाला होता. त्याने लपवाछपवी केली नाही. त्याच्या हातातला चेंडू खरा होता का, हा मात्र रास्त प्रश्न आहे. चेंडू गर्दीत गेल्यावर तो खेळात राहतो का, यावर भांडायला जायंट्सना जागा होती.

प्रश्न : ओ’डे शिकागोच्या बाजूचे होते, असं कोणी म्हटलं नाही का?

न्यूयॉर्कचे लोक रागाच्या भरात बरंच काही म्हणाले असतील. पण ओ’डे स्वतः एकेकाळी पिचर होते आणि १८८९ साली न्यूयॉर्क जायंट्सकडूनच खेळले होते. १९०३ च्या पहिल्या आधुनिक वर्ल्ड सिरीजलाही ते पंच होते. २०१३ मध्ये त्यांना बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

प्रश्न : आज असं होऊ शकतं का?

नियम आजही तोच आहे. साध्या विजयी फटक्यावर सक्तीने पळणाऱ्यांनी पुढच्या बेसला शिवायलाच हवं. बेस भरलेले असताना बॅटरला चालत पहिला बेस मिळाला आणि त्यावर विजयी धाव आली, तर मात्र सूट आहे. बॅटरने पहिल्याला आणि तिसऱ्यावरच्या माणसाने होमला शिवलं की पुरे. १९९९ साली न्यूयॉर्क मेट्सच्या रॉबिन व्हेंचुराने बेस भरलेले असताना चेंडू मैदानाबाहेर मारला. सहकाऱ्यांनी त्याला पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्येच मिठ्या मारून अडवलं. चार धावांचा फटका, पण नोंद झाली एकाच धावेची. सामना जिंकायला तेवढी पुरली. मुख्य म्हणजे तो पहिल्या बेसला शिवून पुढे गेला होता.